ब्रेक नऊ

माझ्यात पहिल्यापासून एक खोड आहे. मला थांबता येत नाही. दूध तापायला ठेवलं की मी गॅस मोठा करते आणि ते उतू गेलं की दुधालाच बोलते. लिफ्टचं बटण तीनदा दाबते. समोरचा माणूस बोलताना अडखळला तर त्याचं वाक्य मीच पुरं करते, आणि बहुतेक वेळा चुकीचं करते. ही खोड घरात होती तोवर घरच्यांनी सोसली. ती साठ गावांत कशी पोचली ते आता सांगायचं आहे. सांगताना मान खाली जाते, पण सांगते.

मी नलिनी हुलवान. आमच्या जिल्ह्याच्या मुख्य प्रयोगशाळेत प्रमुख तंत्रज्ञ. अठ्ठावीस वर्षं रक्त फिरवते आहे. 'फिरवते' म्हणजे खरंच फिरवते. सेंट्रिफ्यूज हे नळ्या गरगर फिरवणारं यंत्र. रक्त नळीत नुसतं उभं ठेवलं तरी जड लाल पेशी हळूहळू तळाला बसतात, पण त्याला वेळ लागतो. सेंट्रिफ्यूजमध्ये प्रत्येक पेशीचं वजन हजारपटीनं वाढल्यासारखं होतं आणि तेच काम दहा मिनिटांत होतं. तळाला लाल, वर पिवळसर प्लाझ्मा आणि दोन्हींच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ थर, दुधावर नुकती साय धरू लागावी तेवढाच.

त्या थराकडे पूर्वी कुणी फारसं बघायचं नाही. 'आगाऊ तपासणी' आली आणि सगळं त्याच्यावर येऊन ठेपलं.

आगाऊ तपासणी म्हणजे गाठ हाताला लागायच्या आधी कॅन्सर ओळखायचा. शरीरात कुठे कॅन्सरच्या पेशी असल्या तर त्यातल्या मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात. ते प्लाझ्मात तरंगत असतात, इतके थोडे की हजारांत एखादा. तो एक सापडायचा तर बाकी प्लाझ्मा स्वच्छ हवा. पांढऱ्या पेशींच्या पोटात त्यांचा स्वतःचा डीएनए ठासून भरलेला असतो. त्यातल्या थोड्या जरी प्लाझ्मात मिसळून फुटल्या तरी संपलं, कॅन्सरचा तुकडा त्या गर्दीत हरवतो आणि रिपोर्ट येतो, 'खूण आढळली नाही'. माणूस घरी जाऊन आनंदानं जेवतो.

म्हणून आगाऊच्या नळ्या फिरवून झाल्या की ब्रेक लावायचा नाही. ब्रेकचे आकडे शून्य ते नऊ. शून्य म्हणजे रोटर, नळ्या धरून फिरणारी चकती, आपोआप मंदावत थांबणार, त्याला अकरा मिनिटं लागतात. नऊ म्हणजे पाऊण मिनिटात खाडकन उभा. तांदळाचं धुवण निवळल्यावर भांडं हिसकलं तर काय होतं, तेच नळीत होतं. पांढरा थर उसळतो. डोळ्यांना मात्र काही दिसत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. हे सगळं मीच शिकवत होते.

तीन वर्षांपूर्वी साठ गावांतल्या आरोग्य केंद्रांसाठी सेंट्रिफ्यूज घ्यायच्या ठरल्या आणि निवडायचं काम माझ्याकडे आलं. टेबलावर तीन यंत्रं मांडली होती. मी ऐटीत एकेकीची परीक्षा घेतली. मुद्दाम एका बाजूला भरलेली नळी ठेवली आणि समोर रिकामी. चांगली मशीन अशा वेळी फिरायला नकार देते. पहिली फिरली, थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत आली, आणि कहर म्हणजे फिरता फिरता तिचं झाकण उघडलं. "न्या ही," मी म्हटलं, "कुणाची तरी बोटं घेईल."

दुसरी साधी, दणकट. झाकणाला पक्कं कुलूप, दोन बटणं, रोटर किती मोठा ते वर छापलेलं. हे छापलेलं असणं महत्त्वाचं, कारण नुसत्या फेऱ्यांवर काही कळत नाही. त्याच फेऱ्यांना मोठा रोटर जास्त जोर लावतो. आज वाटतं, तीच घ्यायला हवी होती.

तिसरी आमच्यात 'शिकाऊ' म्हणून ओळखली गेली. कंपनीचे बिडकर नावाचे गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "मॅडम, हिला सेटिंग करावं लागत नाही. ही चाळीस दिवस एका उत्तम तंत्रज्ञाकडे बघते. नळ्या कशा मांडता, समतोल कसा साधता, वेग कसा चढवता, कशी थांबवता, सगळं टिपते. मग तोच हात साठ गावांत जातो. नवीन माणसाला फक्त झाकण लावायचं."

"आणि तो उत्तम तंत्रज्ञ कुठून आणणार?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"समोर उभा आहे की."

झालं. त्या एका वाक्यावर मी विरघळले. टिपणात मी लिहिलं, 'खेड्यातील मनुष्यबळाचा विचार करता तिसरे यंत्र योग्य.' मनुष्यबळ कसलं मेलं! साठ गावांत आपला हात फिरणार, ही कल्पना मला आवडली होती.

पहिले आठ दिवस मी पुस्तकासारखी वागले. ब्रेक शून्य, अकरा मिनिटं हाताची घडी घालून उभी. नवव्या दिवशी नळ्या यायला उशीर झाला. मध्यवर्ती केंद्राकडे नमुने नेणारं ड्रोन गच्चीवरून बरोबर साडेतीनला उडतं. पूर्वी गाडी होती तेव्हा ड्रायव्हरला चहा पाजून थांबवता यायचं, ड्रोनला काय पाजणार? तीन वाजून एकवीस मिनिटांनी रोटर मंदावू लागला आणि मी ब्रेक दाबला. नऊ.

आणि काही बिघडलं नाही! नमुने स्वच्छ निघाले, रिपोर्ट चोख आले. कारण माझ्या हाताला आणखी एक सवय होती. प्लाझ्मा पिपेटनं ओढून घेताना पांढऱ्या थराच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडायचा, असं पुस्तक सांगतं. मी बोटभर सोडते. घाईत फिरवलेल्या नळ्यांचा वरचाच प्लाझ्मा घ्यायचा, हे मी कुठे वाचलेलं नाही, हात आपोआप शिकला. घाई मीच करायची आणि तिची भरपाईही मीच करायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

मग रोजच ब्रेक नऊ. अकरा मिनिटं वाचली की मला लढाई जिंकल्यासारखं वाटायचं.

चाळिसाव्या दिवशी शिकाऊच्या पडद्यावर यादी आली. वेग, वेळ, मांडणी. शेवटची ओळ होती, 'आगाऊ नळ्या, ब्रेक नऊ. ही तुमची पद्धत आहे का?' खाली 'हो' आणि 'नाही'. मी थबकले, हे मला स्वच्छ आठवतं. खोटं कशाला बोलू? पण अकरा वाजता माझ्या सत्काराचा कार्यक्रम होता, खाली लोक जमले होते, दोनदा बोलावणं आलं होतं. 'नाही' दाबलं असतं तर पुन्हा चाळीस दिवस. मी 'हो' दाबलं आणि पदर सावरत खाली गेले. तिथे त्या पद्धतीला 'हुलवान पद्धत' असं नाव दिल्याचं जाहीर झालं. टाळ्या वाजल्या. मी लाजल्यासारखं केलं.

यंत्रानं माझी घाई शिकून घेतली होती. पिपेट त्याच्या पोटात नव्हती, ती टेबलावर माझ्या हातात होती. त्यामुळे बोटभर सोडायचं ते शिकलंच नाही. साठ गावांत माझा अर्धाच हात गेला.

वर्षभर जिल्ह्यात आनंदीआनंद होता. अठरा हजार लोकांची आगाऊ तपासणी झाली आणि खूण सापडली जेमतेम पंचवीस जणांत. अंदाज दीडदोनशेचा होता. 'आपला जिल्हा निरोगी' म्हणून वर्तमानपत्रात आलं. कुणाला शंका आली नाही, कारण एकोणसाठ ठिकाणी आकडे एकसारखे होते. सगळीकडे एकच चूक झाली की तीच सरासरी होऊन बसते.

एकच केंद्र वेगळं दिसत होतं. माणदेशाच्या कडेचं बेलदरी.

तिथे शेवंता ऐवळे नावाच्या तंत्रज्ञ होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, बोलायला कमी, कामाला सावकाश. मीच त्यांना प्रशिक्षण दिलेलं आणि तेव्हाही त्यांच्या सावकाशपणावर वैतागलेली. त्या शिकाऊचं स्वयंचलित बंद करून ब्रेक शून्यावर चालवायच्या. दर वेळी पडद्यावर लाल अक्षरांत 'विसंगती' अशी नोंद पडायची. वर बेलदरीत दोनशे चाळीस जणांत तिघांना खूण सापडलेली. बाकीच्या जिल्ह्याच्या मानानं हे फारच जास्त.

दर महिन्याला साठ केंद्रांची पडद्यावर एकत्र बैठक व्हायची. चैत्रातल्या बैठकीत मी तो तक्ता सगळ्यांसमोर लावला.

"ऐवळे, तुमच्या एकट्यांच्या नावावर दोनशेबारा विसंगती आहेत. एका खेपेला अकरा मिनिटं जास्त. मधल्या वेळात पोळ्या लाटून घेता का?"

बाकीच्या चौकोनांत हसू पसरलं.

"मॅडम, आगाऊला ब्रेक लावायचा नाही, असं प्रशिक्षणात…" त्या बोलू लागल्या.

"असं प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण आता यंत्र तुमच्यापेक्षा हुशार आहे," मी त्यांचं वाक्य माझ्या मनानं पुरं केलं. "की तुम्ही यंत्राहून हुशार? तुमच्याच गावात रोगी जास्त कसे निघतात हो? उद्यापासून स्वयंचलितच. पुन्हा लाल नोंद दिसली तर लेखी उत्तर द्यावं लागेल."

"बरं मॅडम," त्या म्हणाल्या.

ते तिघे रोगी पुढच्या तपासणीत खरे ठरले होते. उपचार सुरू होऊन त्यातले दोघे कामालाही लागले होते. तो कागद माझ्या टेबलावर आलेला होता, मी वाचला नव्हता. जूनमध्ये ऐवळेंचं पत्र आलं. स्वयंचलित सुरू केल्यापासून एकही खूण सापडलेली नाही, कृपया बघावे. त्यावर मी 'सूचनेप्रमाणे चालू ठेवावे' असा शेरा मारला. पत्र तीन ओळींचं होतं, मी दीड ओळ वाचली असेल.

मग ऑक्टोबरात इंदुमती गडदे हे नाव आलं.

बेलदरीच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई. वैशाखात तिची आगाऊ तपासणी झाली, खूण आढळली नाही. पोट दुखायचं, तर रिपोर्ट चांगला आहे म्हणून तिनं अंगावर काढलं. पाच महिन्यांनी पोट फुगलं तेव्हा बीजकोशाचा कॅन्सर पसरलेला निघाला. तिच्या नवऱ्यानं तक्रार केली. वर्तमानपत्रात बातमी आली आणि चौकशी लागली.

चौकशीला फार शोधावं लागलं नाही. बेलदरी, तंत्रज्ञ ऐवळे, विसंगती दोनशेबारा. आमचे जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. अर्जुनवाडकर यांनी मसुदा माझ्यापुढे ठेवला. 'सदर तंत्रज्ञाने प्रमाणित पद्धतीचे वारंवार उल्लंघन केले.' निलंबन आणि परवाना रद्द करण्याची शिफारस. खाली प्रमुख तंत्रज्ञाची सही.

मी नोंदी उघडून बघितल्या होत्या. गडदे बाईंचा नमुना वैशाखातला आणि लाल नोंदी चैत्रात थांबलेल्या. म्हणजे ती नळी 'हुलवान पद्धती'नंच फिरली होती. मी ऐवळेंना झापल्यानंतर सतरा दिवसांनी. तरी मी स्वतःला म्हणत राहिले, एका केसवरून काय सिद्ध होतं? पेन हातात घेतलं. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. मी सही केली.

हो, केली. माहीत असून केली. शुक्रवारचा दिवस होता. शनिवारी ऐवळेंना घरी बसवलं.

रविवारी दुपारी घरी कुणाला न सांगता मी प्रयोगशाळेत गेले. स्वतःचं रक्त काढलं, तीन नळ्या. पहिली शून्य ब्रेकवर फिरवली. अकरा मिनिटं उभी राहिले, स्टुलावरसुद्धा बसले नाही. उरलेल्या दोन नऊवर. पहिल्या दोन्हींतून पुस्तकात सांगितल्याप्रमाणे अर्धा सेंटिमीटर सोडून प्लाझ्मा घेतला आणि मोजला. ब्रेक मारलेल्या नळीत पांढऱ्या पेशींचा डीएनए अकरापट. तिसऱ्या नळीतून माझ्या सवयीनं बोटभर सोडून घेतला, तर तो स्वच्छ! मग मी बसले. इतकी वर्षं मी ज्याला हातगुण समजत होते ती माझ्याच घाईची लपवाछपवी होती. रिकाम्या खोलीत मला कुणी बघत नव्हतं, तरी मी तोंड झाकून घेतलं.

सोमवारी डॉ. अर्जुनवाडकरांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"हुलवान मॅडम, अठरा हजार लोकांना आपण 'तुम्ही ठीक आहात' असं सांगितलंय. आता 'माहीत नाही' म्हणायचं? उद्या कुणी रक्त द्यायलाच येणार नाही. तुम्ही असं करा. ब्रेक नऊचा शून्य करून टाका, साठही ठिकाणी, आजच. पुढचे नमुने नीट होतील. मागचं मागे."

"मागच्यांत दीडशे तरी गडदे असतील, डॉक्टर."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "रक्त पुन्हा घ्यायचा, पुनर्नमुन्याचा आदेश तुमच्या लॉगिनवरून निघतो," ते म्हणाले. "मी तुम्हाला अडवू शकत नाही. पण काढू नका, एवढंच म्हणेन. तुमची दोन वर्षं राहिलीत नोकरीची. आणि ऐवळेंचं काय, त्यांना दुसरीकडे कुठे तरी लावून घेऊ."

मी ब्रेक शून्य केला. त्याला एक मिनिट लागलं. आदेश काढला नाही. घरी गेले, जेवले नाही, झोपले नाही. मंगळवारी सकाळच्या एसटीनं बेलदरीला गेले. जाऊन काय करणार ते ठरलेलं नव्हतं. ऐवळेंचे पाय धरावेत, त्यांनी मला चार शिव्या द्याव्यात आणि मी मोकळी व्हावं, असं काहीसं मनात असावं.

ऐवळे दारात शेंगा निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. मी पाणी न पिता घडाघडा सगळं बोलले. नववा दिवस, ड्रोन, 'हो'चं बटण, बोटभर प्लाझ्मा, शुक्रवारची सही. बोलताना रडले. त्या ऐकत राहिल्या. एकदाही मधे बोलल्या नाहीत.

"मला माफ करा, ऐवळेबाई," मी म्हटलं.

"माझं राहू द्या मॅडम," त्या म्हणाल्या. "मला जूनपासनं वाटत होतं. पण तुम्ही शेरा मारला आणि मीबी गप बसले. रोज स्वयंचलित लावत होते आणि मनात चरकत होते. माझ्या हातनं बी झालंय ते." मग चप्पल पायात सरकवली. "चला."

"कुठे?"

"इंदूकडं. मला सांगून काय उपयोग?"

मला जायचं नव्हतं. हे लिहायलाही लाज वाटते. ऐवळे पुढे चालत होत्या. वाटेत पारावर बसलेली माणसं त्यांना बघून बोलायची थांबली. एका बाईनं तोंड फिरवलं. नळावर दोघी जणी होत्या, त्यांनी घागरी बाजूला घेतल्या. मला वाटलं माझ्यामुळे. मग कळलं, त्यांना मी कोण ते ठाऊकच नव्हतं.

गडद्यांचं घर गावाच्या टोकाला, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. इंदुमती खाटेवर उशीला टेकून बसली होती. पोट पुढे आलेलं, हात मात्र काड्या झालेले. तिचा नवरा तायाप्पा शेळीला पाला घालत होता. ऐवळेंना बघताच तो ताडकन उठला.

"ही कशाला आली हितं? चल, भाईर हो!"

"तायाप्पा, थांबा," मी म्हणाले. माझ्या तोंडून हा शब्द कसा निघाला कोण जाणे. "यांची चूक नाही. मी जिल्ह्याहून आलेय. चूक माझी आहे."

मग मी खाली अंगणातच बसले आणि पुन्हा सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत. रक्त फिरवून हळू थांबवायचं असतं. ऐवळेबाई तसंच करत होत्या. मी त्यांना चारचौघांत हिणवलं आणि जबरदस्तीनं घाई करायला लावली. त्यानंतर तुमचं रक्त घेतलं. ते नीट थांबवलं असतं तर वैशाखातच कळलं असतं.

तायाप्पाच्या हातातला पाला तसाच राहिला. शेळी त्याला ढुशा देत होती. मला वाटलं, हा आता मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

इंदुमती माझ्याकडे बघतच नव्हती. ती ऐवळेंकडे बघत होती.

"शेवंता," ती म्हणाली, "म्हंजी तू न्हाई केलंस?"

"हातानं मीच केलं गं इंदू. सांगितलं तसं केलं."

"मी देवळाच्या दारात तुझं वाटोळं हुईल म्हणलं. तुज्या पोरीला शाळंत खिचडी वाढू नका म्हणून बायकांना सांगितलं." तिनं ते दोन काटक्यांसारखे हात जोडले. "माफ कर बाई मला. मला ठावं न्हवतं."

ऐवळे धावत गेल्या आणि तिचे हात खाली केले. दोघी एकमेकींना धरून रडत होत्या. मी अंगणात बसून होते. माफी मागायला मी आले होते, आणि त्या घरात माफी मागितली ती त्या बाईनं, जिनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं माणसं का म्हणतात ते मला तेव्हा समजलं.

थोड्या वेळानं तायाप्पा बोलला. माझ्याशी पहिल्यांदाच. "बाई, हिच्यासंगं त्या महिन्यात अख्ख्या गावानं रगात दिलं. माजी भावजय हाय, मास्तरीन हाय. त्यांचं काय?"

"त्यांचं पुन्हा घ्यावं लागेल."

"कवा घेनार?"

आदेश काढलेला नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पर्समधून फोन काढला. लॉगिन केलं. 'पुनर्नमुना, सर्व केंद्रे, हुलवान पद्धतीने फिरवलेले सर्व नमुने.' कारण विचारलं होतं. मी लिहिलं, 'प्रमुख तंत्रज्ञाची चूक. नलिनी हुलवान.' पडद्यावर आलं, 'अठरा हजार चारशे सहा व्यक्तींना संदेश जाईल. खात्री आहे?' ह्या वेळी मी एकेक अक्षर वाचलं. मग 'हो' दाबलं.

अंगणात तायाप्पाच्या खिशातला फोन वाजला. मग शेजारच्या घरातून एक, पलीकडून दोन. पाराकडूनही आवाज येऊ लागले. गावभर फोन वाजत होते आणि माणसं दारात येऊन एकमेकांना विचारत होती. तायाप्पाची भावजय फोन हातात धरून कुंपणापाशी आली, तिला वाचता येत नव्हतं. "काय आलंय भावजी?" ती विचारत होती आणि तो पडद्यावरची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता.

तेवढ्यात ऐवळेंचाही फोन वाजला. त्यांनी बघितला आणि कमरेला खोचला.

"तुम्हालाही?" मी विचारलं.

"हां."

"तुम्ही कधी तपासणी केलीत?"

"चैत्रात. स्वयंचलित लावायला सांगितलंत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. नवी पद्धत आली की लोकांचं रक्त घालायच्या आधी आपलं घालून बघायचं." त्या इंदुमतीची उशी सारखी करत होत्या, माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "तुम्हीच शिकवलंय की मॅडम."

मी ते शिकवलं होतं. मी स्वतः ते कधीच केलं नव्हतं. केलं ते परवाच्या रविवारी, अठरा हजार लोकांनंतर.

"रिपोर्ट काय आला होता?"

"सगळ्यांचा आला तोच." त्यांनी इंदुमतीच्या पायांवर चादर ओढली. "मधे दोनदा अंगावर गेलं. पाळी जायचं वय हाय म्हणून मी सोडून दिलं. रिपोर्ट चांगला होता न्हवं."

मी उठले. "चला, केंद्र उघडा. पहिली नळी तुमची. आत्ताच घेऊ. मग तायाप्पांच्या भावजयीची."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"किल्ली कुठनं आणू मॅडम?" त्या म्हणाल्या. "शनवारी माणूस आला आणि घेऊन गेला. तुमच्या सहीचा कागद होता त्याच्याकडं."